थांबा, व्हॉल्व्ह तापतोय!

हॉस्टेलवरचा माणूस दोनच गोष्टींना घाबरतो. एक केटी आणि दुसरे रेक्टर. मागच्या सेमिस्टरला एका खोक्यापायी दुसरी गोष्ट माझ्यावर ओढवली.

इंटर्नशिपचे साठवलेले सगळे पैसे घालून मी गिटारसाठी पाच वॅटचा नवा ट्यूब ॲम्प्लिफायर घेतला. "नाही आवडला तर आठ दिवसांत परत आणा," असं दुकानदार म्हणाला होता. ताथवड्यापर्यंत रिक्षात मांडीवर धरून आणला. रूमवर अख्खी विंग जमली. बटण दाबलं, तर आवाजच नाही!

"गंडवलं रे तुला," रूममेट म्हणाला.

अर्ध्या मिनिटाने काचेत नारिंगी उजेड दिसला आणि आवाज आला. पण कसा? अगदी साधा. जुन्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पपेक्षा काहीच वेगळा नाही. पोटात गोळा आला.

आवाज उशिरा का आला, ते आधी सांगतो. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतला कॅथोड तापला की मगच त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि अडीचशेएक व्होल्टच्या ॲनोडकडे धावतात. वाटेत ग्रिडची जाळी असते. गिटारचा चिमुकला सिग्नल या जाळीवर येतो आणि नळाच्या चावीसारखा तो लोंढा कमी-जास्त करतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ही जाळी बसवली. १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि रेडिओतून व्हॉल्व्ह हळूहळू हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. बीटल्सच्या व्हॉक्स एसी-३० मध्ये चार ईएल-८४ व्हॉल्व्ह असायचे. माझ्या खोक्यात त्याच जातीचा एक आहे.

पाच वॅट म्हणजे किरकोळ, असं मला वाटलं होतं. पण रूममध्ये व्हॉल्यूम दोनच्या वर नेला की शेजारचे भिंत बडवायचे. सहाव्या दिवशी रेक्टर सरांनी बोलावलं. म्हटलं, संपलं!

सर म्हणाले, "आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. वडील बातम्यांच्या आधीच लावून ठेवायचे, तापायला. उद्या संध्याकाळी हॉल उघडून देतो. नऊपर्यंत काय वाजवायचं ते वाजव."

सातव्या दिवशी हॉलमध्ये व्हॉल्यूम सातवर नेला, एक कॉर्ड मारली आणि अंगावर काटा आला. तोच ॲम्प, तीच गिटार. पण आवाज भरदार, किंचित खरखरीत, माणसाच्या गळ्यासारखा.

झालं होतं असं, की रूममध्ये व्हॉल्व्हवर जोरच पडत नव्हता. साधा ट्रान्झिस्टर ॲम्प मर्यादेपर्यंत स्वच्छ वाजतो. मर्यादा आली की लाटेचं डोकं सुरीने कापल्यासारखं सपाट होतं आणि आवाज टोचतो. व्हॉल्व्ह मर्यादेजवळ येता येता दबत जातो. लाटेचं डोकं गोलसर होतं, आणि वरची बाजू खालच्या बाजूइतकीच दबते असंही नाही. या असमानपणामुळे दुप्पट कंपनसंख्येची भर पडते. पाचवी तार मोकळी छेडली तर ११० हर्ट्झ, तिला २२० ची जोड. २२० म्हणजे तोच स्वर, वरच्या सप्तकातला. म्हणून कानाला खटकत नाही. पेपरात आपण याला 'हार्मोनिक डिस्टॉर्शन' म्हणतो आणि दोषांच्या यादीत लिहितो!

पण खरी गंमत पुढे आहे. हलक्या बोटाने छेडलं तर आवाज स्वच्छ, जोरात मारलं तर तोच गुरगुरतो. पेडलला हातही न लावता! अर्थात चुकलेलं बोटही तितकंच स्पष्ट ऐकू येतं. तीन वर्षं मी डिस्टॉर्शन पेडलच्या गोंगाटामागे माझं कच्चं वाजवणं लपवत होतो, हे त्या रिकाम्या हॉलमध्ये मला कळलं. ॲम्प परत करावासा वाटला तो त्या क्षणी, आवडला नाही म्हणून नव्हे, तर लाज वाटली म्हणून.

केला नाही. आता रोज तासभर पेडल न जोडता, व्हॉल्यूम एकवर ठेवून नुसती बोटं घासतो. शनिवारी हॉल.

जाता जाता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना दोन सूचना. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि प्लग काढला तरी आतले कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसलेले असू शकतात, तेव्हा उत्साहाच्या भरात स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

बाकी, चालू केल्यावर लगेच आवाज आला नाही तर घाबरू नका. व्हॉल्व्ह असो की विद्यार्थी, तापायला थोडा वेळ द्यावाच लागतो!