जिना आणि चाकांची खुर्ची

न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार-केंद्राच्या उत्तर मनोऱ्यांत, ६९ व्या मजल्यावर, चाकांच्या खुर्चीत बसून एक हिशेबनीस काम करी. १९९३ सालीं तेथें स्फोट झाला, तेव्हां सहकाऱ्यांस त्यास खालीं उतरवावयास सुमारें सहा तास लागले. पुढें जिन्यावरून उतरणाऱ्या हलक्या खुर्च्या आणविण्यांत आल्या. ११ सप्टेंबर २००१ रोजीं दहाएक सहकाऱ्यांनीं तसल्या खुर्चींतून त्यास सुमारें दीड तासांत बाहेर काढिलें. लवकरच मनोरा कोसळला.

मात्र खुर्ची कपाटांत ठेवणें म्हणजे तयारी नव्हे. आगींत लिफ्ट निरुपयोगी. तेव्हां कोणीं धरावें, धरणारा रजेवर असल्यास त्याच्या जागीं कोण, हें आधींच ठरवावें. कसें धरावें, हें बसणाऱ्यासच विचारावें. सरावाच्या दिवशीं त्यास “आपण बसूनच राहा” म्हणण्याची चाल तर फारच घातक!