हरलेल्याची पहिली पाळी

एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा एकही सामना नसतो, तरी सगळा देश फुटबॉलच बोलत असतो. एनएफएलचे ३२ संघ त्या दिवसांत महाविद्यालयांतले खेळाडू निवडतात. हा ड्राफ्ट. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. मागच्या हंगामात जो तळाला राहिला त्याची पाळी पहिली, विजेत्याची सर्वांत शेवटी, आणि अशा सात फेऱ्या. आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात पुढच्या वर्षीच्या पाळ्या किंवा तयार खेळाडू घेता येतात. खरी घासाघीस तिथेच चालते.

ती किती अंगाशी येते, हे २००३ मध्ये दिसलं. सातवी पाळी मिनेसोटा व्हायकिंग्जची होती. बाल्टिमोरशी अदलाबदलीचं बोलणं लांबत गेलं आणि हातातली १५ मिनिटं सरली. वेळ उलटली की मागच्याला पुढे घुसता येतं. आधी जॅक्सनव्हिलने आपला खेळाडू जाहीर केला, पाठोपाठ कॅरोलायनाने. व्हायकिंग्जचं नाव लागलं ते नवव्या क्रमांकावर.

ही पद्धत जन्मली ती पैशाच्या चणचणीतून. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांना मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका हवा होता. बोली चढत गेली आणि तो ब्रुकलिनच्या संघाकडे गेला. श्रीमंत संघच चांगली पोरं उचलत राहिले तर बाकीचे बुडतील, हे बेल यांनी १९३५ मध्ये इतर मालकांना पटवलं. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. तळाला होते खुद्द ईगल्स. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वेंजर निवडला, पण पैशाचं जमलं नाही आणि ड्राफ्टचा हा पहिला मानकरी व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

आज ड्राफ्टच्या आधी दरवर्षी इंडियानापोलिसमध्ये शेकडो मुलांची उंची, वजन, उडी आणि ४० यार्डांची धाव मोजली जाते. २००० साली टॉम ब्रेडीला त्या धावेला ५.२८ सेकंद लागले. सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने त्याला घेतलं. पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले. दबावाखाली डोकं शांत ठेवण्याचं मोजमाप कोणत्याच स्टॉपवॉचला जमत नाही.

ड्राफ्टमुळे दुबळ्या संघांना उभं राहायला जागा मिळते, हे मला मान्य आहे. पण हा न्याय मालकांमधला आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने कोणत्या शहरात, कोणासाठी खेळायचं, हे तो ठरवत नाही. त्याला निवडणाऱ्या संघाशिवाय दुसऱ्याशी तो कराराचं बोलूही शकत नाही. जेम्स स्मिथ या खेळाडूच्या दाव्यात १९७६ मध्ये न्यायालयाने तेव्हाचा ड्राफ्ट बेकायदा ठरवला. पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने करारात त्याला मान्यता दिली आणि तो टिकला. म्हणजे जी मुलं अजून संघटनेत आलेलीही नव्हती, त्यांचा हक्क आधीच्यांनी सोडून दिला. हे मला आजही पटत नाही.

सात फेऱ्यांत ज्याचं नाव कोणीच घेत नाही, तो मात्र मोकळा असतो. ज्या संघाला तो हवा असेल, त्यांच्यातला कोणताही तो स्वतः निवडू शकतो. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला ही मुभा नाही.