सरळ रेषांचा वक्र

बांबूच्या सरळ कामट्या तिरप्या लावून बांधलेले, मध्ये आवळलेले आणि वर-खाली पसरलेले बसके स्टूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना भूमितीतील एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट न शिकताच ठाऊक असते, ती म्हणजे एकही कामटी न वाकवता, केवळ सरळ कामट्यांची दिशा क्रमाक्रमाने बदलत नेल्यास डोळ्यांना दिसणारा आकार वक्र होतो. सरळ रेषा अवकाशात सरकवत नेल्याने तयार होणाऱ्या अशा पृष्ठभागाला रेषाजन्य पृष्ठभाग म्हणतात. या कुळातील घोड्याच्या खोगिरासारखा दिसणारा, एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळणारा पृष्ठभाग ‘हायपरबोलिक पॅराबोलॉइड’ या जडशीळ नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या मध्यावर याच भूमितीतून आधी एक वाद्यवृंदरचना आणि नंतर एक इमारत उभी राहिली, आणि त्या इमारतीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासातील दोन महत्त्वाच्या ध्वनिफिती वाजल्या. स्थापत्यातून संगीत निर्माण होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. मात्र ते जितके सरळसोट सांगितले जाते तितके ते नाही.

या उदाहरणाच्या केंद्रस्थानी असलेले यानिस झेनाकिस हे 1922 मध्ये रुमानियातील एका ग्रीक कुटुंबात जन्मले, अथेन्समध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रीक प्रतिकार चळवळीत उतरले. 1944-45 च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवरील लढाईत ब्रिटिश रणगाड्याचा गोळा लागून त्यांचा डावा डोळा गेला, आणि पुढे मायदेशात त्यांच्या गैरहजेरीतच त्यांना मृत्युदंड ठोठावण्यात आला. 1947 मध्ये पॅरिसला पळून आल्यावर त्यांना ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुविशारदाच्या कार्यालयात अभियंता म्हणून काम मिळाले. दिवसा काँक्रीटच्या तुळयांची गणिते आणि उरलेल्या वेळात संगीताचा अभ्यास असा त्यांचा क्रम होता. रूढ स्वरसंवादशास्त्र उशिरा शिकत बसण्याऐवजी गणित आणि अभियांत्रिकी ही जी शिदोरी जवळ आहे तीच संगीतात वापरावी, असा सल्ला त्यांना ओलिव्हिए मेसियाँ या संगीतकाराने दिला, आणि तो त्यांनी शब्दशः पाळला.

1953-54 मध्ये लिहिलेली आणि 1955 मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात प्रथम सादर झालेली ‘मेटास्टासिस’ ही रचना त्या सल्ल्याचे फळ होय. एकसष्ट वादकांच्या या वाद्यवृंदात सेहेचाळीस तंतुवादक आहेत आणि त्यांतील प्रत्येकासाठी स्वतंत्र ओळ लिहिलेली आहे. प्रारंभी सर्व तंतुवाद्ये एकाच स्वरावर असतात आणि मग प्रत्येक वाद्य आपापल्या वेगाने त्या स्वरापासून घसरत दूर जाते. एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे मधली जागा न तोडता जाणे म्हणजे भारतीय संगीतातील मींड. पाश्चात्त्य संगीतात तिला ग्लिसांदो म्हणतात. मींड ही गायकाच्या गळ्यातील एकट्या रेषेची नजाकत असते, तर इथे एकाच वेळी सेहेचाळीस मींडा निरनिराळ्या उतारांनी चालतात आणि कानाला त्यांतील एकही वेगळी ऐकू येत नाही; ऐकू येतो तो उलगडत जाणारा एक पसारा. झेनाकिस यांनी या रचनेतील काही भाग आलेखकागदावर आखला होता. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर स्वराची उंची घेतली की प्रत्येक ग्लिसांदो ही एक सरळ तिरपी रेषा होते, आणि अशा अनेक रेषा शेजारी शेजारी आखल्या की त्यांच्या कडांवर वक्र उमटतो. कामट्यांच्या स्टुलाचे तत्त्व ते हेच. ही रचना इलेक्ट्रॉनिक नाही, ती हाडामांसाच्या वादकांनी वाजवायची आहे, तरीही नंतरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताला अत्यंत आवश्यक ठरलेली एक कल्पना तिने आधीच मांडून ठेवली, ती अशी की ध्वनीचा विचार सुट्या स्वरांऐवजी सलग पृष्ठभागाच्या रूपात करता येतो.

याच काळात उलट दिशेचा प्रवासही झाला. फ्रान्समधील लियाँजवळच्या ला तूरेत मठाचे काम कार्यालयात चालू असताना झेनाकिस यांनी तेथील काचेच्या भिंतींतील काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या समान अंतरावर न ठेवता कधी दाट, कधी विरळ अशा मांडल्या. ही अंतरे ल कॉर्बुझिए यांनी मानवी देहाच्या मापांवरून बसवलेल्या ‘मोड्युलर’ या प्रमाणश्रेणीतून घेतलेली होती. दाटी हळूहळू वाढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते. लयकारीत एकपटीवरून दुगुणीला आणि चौगुणीला जाताना ठरावीक पायऱ्या असतात, इथे मात्र त्या पायऱ्या जणू घासून गुळगुळीत केल्या आहेत. ल कॉर्बुझिए यांनी अशा काचभिंतींना ‘सांगीतिक’ म्हटले, आणि चंदीगडच्या शासकीय इमारतींतही ही पद्धत वापरली गेली, त्यामुळे झेनाकिस यांच्या लयविचाराचा एक नमुना भारतातच उन्हात उभा आहे, हे येथील संगीतरसिकांच्या फारसे ध्यानात आलेले दिसत नाही.

1958 च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी फिलिप्स या डच कंपनीने जो मंडप बांधायचे ठरवले, त्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. कंपनीचे कलासंचालक लुई काल्फ यांची इच्छा अशी होती की, दिवे आणि ध्वनिक्षेपक मांडून ठेवण्याऐवजी त्यांचा वापर करून एक देखावा उभा करावा, आणि म्हणून 1956 मध्ये त्यांनी ल कॉर्बुझिए यांना गाठले. ल कॉर्बुझिए यांनी प्रकाश, रंग, चित्रफीत आणि ध्वनी यांच्या आठ मिनिटांच्या कार्यक्रमाची कल्पना मांडली, तिला ‘पोएम इलेक्ट्रॉनिक’ म्हणजे विद्युत्काव्य असे नाव दिले, संगीत एडगार व्हारेझ यांचेच असेल असा आग्रह धरला, आणि स्वतः चंदीगडच्या कामात गुंतलेले असल्याने इमारतीच्या आराखड्याचे बरेचसे काम झेनाकिस यांच्यावर सोपवले. प्रेक्षकांना एका बाजूने आत घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर सोडणारा, जठराच्या आकाराचा तळ ही ल कॉर्बुझिए यांची कल्पना. त्यावर कोणते कवच चढवायचे हा प्रश्न झेनाकिस यांचा.

त्यांनी कवचासाठी हायपरबोलिक पॅराबोलॉइड निवडले आणि अनेक खोगिरे कडांना जोडून तीन टोकदार शिखरांचा एक तंबूसारखा आकार घडवला. हा आकार दिसायला मनस्वी असला तरी बांधायला तुलनेने सोयीचा होता, कारण त्याच्या पृष्ठभागावर सर्वत्र सरळ रेषा सापडतात. वाळूच्या साच्यांवर सुमारे पाच सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे तुकडे ओतण्यात आले आणि ते एकमेकांना लावून, आतून-बाहेरून ताणलेल्या तारांनी आवळून कवच उभे केले गेले. ‘मेटास्टासिस’च्या आलेखातील तिरप्या रेषा आणि या तारा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे संगीताची इमारत झाली असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल, आणि पुष्कळांना तो झालाही आहे. परंतु आलेखातील एक अक्ष काळाचा आहे, तर मंडपातील सर्व अक्ष अवकाशाचे आहेत. आलेखावरची रेषा एकाच दिशेने, क्रमाने आणि एकदाच भोगायची असते, तर भिंत कुठूनही आणि कितीही वेळ पाहता येते. संगीतातून इमारतीत गेली ती एक रीत, सरळातून वक्र काढण्याची. सूर काही गेला नाही. एवढे मान्य केले तर या घटनेचे महत्त्व कमी होत नाही, उलट ते नेमके कळते.

आत वाजणाऱ्या संगीताबद्दलही असाच भेद करावा लागतो. व्हारेझ तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. वाद्यांच्या मर्यादांतून मुक्त झालेल्या ध्वनीची त्यांनी कित्येक दशके वाट पाहिली होती आणि आइंडहोवन येथे फिलिप्सच्या तंत्रज्ञांच्या साहाय्याने त्यांना अखेर ती साधने मिळाली. घंटा, ऑर्गन, ढोल, स्त्रीचा आवाज, यंत्रांची घरघर आणि विद्युत्‌जनित ध्वनी यांचे तुकडे चुंबकीय फितीवर कापून, जोडून, बदलून त्यांनी चारशे ऐंशी सेकंदांची रचना केली. कंपनीला ती रुचली नाही, पण ल कॉर्बुझिए हटले नाहीत. तरीही खोगिराच्या भूमितीचा या रचनेच्या घडणीशी काही संबंध नाही. फार काय, व्हारेझ आणि ल कॉर्बुझिए यांनी ध्वनी आणि चित्रे स्वतंत्रपणे तयार केली आणि कालावधी वगळता दोहोंत मेळ घालण्याचा प्रयत्नही केला नाही. इमारतीने ही रचना घडवली नाही, तिने ती ऐकण्याची रीत घडवली. कवचाच्या आतल्या अंगाला तीनशेहून अधिक ध्वनिक्षेपक बसवलेले होते आणि मूळ फितीबरोबर चालणारी दुसरी फीत केवळ हे सांगण्यासाठी होती की कोणत्या क्षणी कोणता क्षेपक जागा व्हावा. त्यामुळे एखादा ध्वनी प्रवेशद्वारापाशी निघून भिंतीच्या कडेने चढत शिखराकडे जाताना ऐकू येई. अशा मार्गांना ‘ध्वनिपथ’ म्हटले गेले. भिंतींवरून उलटणारे पडसाद या हालचालीत कालवाकालव करू नयेत म्हणून आतून ॲस्बेस्टॉसचा थर फवारलेला होता. त्या पदार्थाचा आरोग्याला असलेला धोका आज सर्वज्ञात आहे.

भूमितीशी खरे रक्ताचे नाते सांगणारी रचना दुसरीच होती आणि ती पाचशे प्रेक्षकांची एक तुकडी बाहेर पडून दुसरी आत येत असताना, म्हणजे चपलांच्या आवाजात, वाजवली जात असे. ‘काँक्रे पीएच’ ही झेनाकिस यांची पावणेतीन मिनिटांहूनही थोडी लहान रचना जळत्या कोळशाच्या तडतडण्यातून बनलेली आहे. पीएच ही हायपरबोलिक पॅराबोलॉइडच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे, आणि ‘काँक्रे’ या शब्दात इमारतीच्या काँक्रीटबरोबरच ‘म्युझिक काँक्रेत’ या संगीतप्रकाराचीही आठवण आहे. पिएर शेफर यांनी 1948 मध्ये सुरू केलेल्या त्या प्रकारात वाद्यांऐवजी जगातील प्रत्यक्ष ध्वनी मुद्रित करून त्यांवर संस्कार केले जातात. झेनाकिस यांनी कोळशाच्या मुद्रणाचे अगदी बारीक तुकडे करून, त्यांचा वेग बदलून ते थरांवर थर चढवले. त्यात ताल नाही, आरोह-अवरोह नाही, आहे ती केवळ कमी-अधिक होणारी दाटी, आणि तीही एक स्थिती संपून दुसरी सुरू झाली असे कोठेही न जाणवता बदलणारी. जिथे भिंत संपते आणि छत सुरू होते असा बिंदूच दाखवता येत नाही त्या कवचाचे हे कानांसाठी केलेले रूप म्हणता येईल. प्रदर्शनाच्या गाजलेल्या आठ मिनिटांपुढे ही छोटी रचना झाकोळली गेली, पण स्थापत्यातून संगीत काढण्याच्या कसोटीवर तीच अधिक खरी उतरते.

इमारतीच्या श्रेयावरून पुढे जो तणाव झाला तो टाळता आला असता. झेनाकिस यांनी आपले नाव लावण्याची मागणी केली, ल कॉर्बुझिए यांनी अखेर ती मान्य केली, पण 1959 मध्ये झेनाकिस यांना कार्यालयातून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षाच्या जानेवारीत मंडपही पाडण्यात आला होता. तो मुळात काही महिन्यांसाठीच बांधलेला होता.

झेनाकिस यांनी यानंतर ध्वनी, प्रकाश आणि जागा यांचा एकत्र विचार ‘पॉलिटोप’ या नावाच्या कार्यक्रमांतून केला, आणि 1977 मध्ये त्यांच्या संशोधन केंद्रात ‘युपिक’ नावाचे यंत्र तयार झाले, ज्याच्या फळीवर लेखणीने रेषा आखली की संगणक तिचे ध्वनीत रूपांतर करी. वास्तुविशारदाचे आरेखन-टेबल आणि संगीतकाराचे वाद्य यांतील अंतर तेथे जवळजवळ उरलेच नाही. 1978 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रासमोर उभारलेल्या ‘डायाटोप’ या तंबूत त्यांनी पुन्हा तशाच वक्र पृष्ठभागांखाली ‘ला लेजाँद द एर’ ही इलेक्ट्रॉनिक रचना वाजवली, मात्र या वेळी आकार, प्रकाश आणि ध्वनी ही तिन्ही अंगे त्यांच्या एकट्याच्या हाती होती.

आकारातून सूर काढण्याच्या या मार्गाहून अगदी वेगळा मार्ग अमेरिकेतील अल्विन लुसिए यांनी 1969 मध्ये दाखवला. त्यांनी एका खोलीत बसून काही वाक्ये बोलून मुद्रित केली, ते मुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केले, आणि हे वारंवार केले. न्हाणीघरात गाताना काही स्वर आपोआप घुमतात, कारण प्रत्येक बंदिस्त जागा आपल्या मापांनुसार ठरावीक कंप्रतांना साथ देते. या गुणाला अनुनाद म्हणतात. प्रत्येक फेरीत ते लाडके स्वर वाढत गेले, बाकीचे विरत गेले आणि शेवटी शब्द नाहीसे होऊन खोलीचाच झंकार उरला. झेनाकिस यांच्याकडे इमारत कागदावर असताना संगीताला मिळते, लुसिए यांच्याकडे ती बांधून झाल्यावरच बोलू लागते.

हा दुसरा मार्ग आता संगणकाने फार पुढे नेला आहे. एखाद्या वास्तूत फुगा फोडला आणि त्यानंतरचा घुमारा मुद्रित केला, तर त्या वास्तूचा ध्वनिस्वभाव त्या मुद्रणात उतरतो, आणि गणिती प्रक्रियेने तो अन्यत्र गायलेल्या कोणत्याही स्वरावर चढवता येतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियात, जिथला घुमारा दहा सेकंदांहून अधिक टिकतो आणि जिथे संग्रहालयाच्या काळात गायनाला परवानगी नव्हती, असे फुगे फोडून स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तो स्वभाव टिपला, आणि ‘कापेला रोमाना’ या अमेरिकी गायकसंघाने त्याच्या आधारे मध्ययुगीन बायझंटाइन स्तोत्रांचे ध्वनिमुद्रण 2019 मध्ये प्रसिद्ध केले.

ब्रुसेल्सच्या मंडपासाठी मात्र ही सोय नव्हती, कारण फुगा फोडायला इमारतच उभी नव्हती. म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील संशोधकांच्या एका गटाने जुने नकाशे, छायाचित्रे आणि फितींच्या नोंदी जमवून मंडपाची आभासी प्रतिकृती संगणकावर उभी केली, ध्वनिपथ पुन्हा आखले आणि डोक्याला बांधायच्या पडद्यातून व हेडफोनमधून ‘पोएम इलेक्ट्रॉनिक’ त्याच्या जागी ठेवून ऐकवले. एरवी ही रचना घरोघरी दोन ध्वनिक्षेपकांतूनच वाजते, आणि शिखराकडे चढत जाणारा तो ध्वनी तिथे केवळ डावीकडून उजवीकडे सरकतो.