आडनावांचा मुलूख : ‘वार’ लागलेली घराणी

मामिडवार, चिंतावार, कोत्तावार, गड्डमवार, दमकोंडवार, पोलशेटवार, उत्तरवार, येरावार. ही आडनावे नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे धर्माबाद, बिलोली, देगलूर, मुखेड, हिमायतनगर आणि किनवट या तालुक्यांत बाजारातल्या पाट्यांवर वाचायला मिळतात. तिथून यवतमाळचा पांढरकवडा-वणीचा पट्टा, चंद्रपूर आणि गडचिरोली असा त्यांचा मुलूख सलग पसरलेला आहे. नकाशावर तो महाराष्ट्राच्या तेलंगणाला लागून असलेल्या कडेनेच जातो. या आडनावांचा उगम त्या कडेच्या पलीकडे, तेलुगू भाषेत आहे.

तेलुगूत ‘वाडु’ म्हणजे तो आणि ‘वारु’ म्हणजे ते. मराठीत ‘पाटील आले’ म्हणताना एकाच माणसासाठी आदराने अनेकवचन येते. तेलुगूतही ‘वारु’ तसाच चालतो. घराण्याच्या नावापुढे तो लागला की ‘त्या घरचे लोक’ असा अर्थ होतो. तेलुगू माणसाचे घराण्याचे नाव, म्हणजे ‘इंटि पेरु’, व्यक्तिनामाच्या आधी येते आणि बहुधा नुसतेच लिहिले जाते : मामिडी अमुक, गड्डम तमुक. मात्र त्या घराबद्दल बोलताना ‘मामिडी वारु’ म्हणजे मामिडींकडचे आणि ‘मामिडी वारि पेंड्लि’ म्हणजे मामिडींकडचे लग्न, असे म्हणतात. लोकांच्या तोंडी असलेले हेच रूप मराठी मुलखात आडनाव होऊन बसले.

त्यामागचे कारण नावाच्या मांडणीत सापडते. मराठी रीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव अशी. शाळेच्या दाखल्यात, सातबाऱ्यावर, अडत्याच्या खातेवहीत त्या शेवटच्या जागी काहीतरी लिहावेच लागते. तेलुगू घराण्याचे नाव पुढून मागे आले आणि येताना लोकांच्या बोलण्यातला ‘वारु’ सोबत घेऊन आले. शेवटचा ऱ्हस्व उकार मराठी उच्चारात टिकत नाही, म्हणून ‘वारु’चा ‘वार’ झाला. ‘मामिडी’मधला इकारही त्याच ओघात गळाला. म्हणून निझामाबादेत घर ‘मामिडी’ असते आणि नांदेडला ‘मामिडवार’. गड्डम हे नाव तेलंगणात सर्रास आढळते; चंद्रपूरकडे तेच गड्डमवार होते.

‘वार’ बाजूला काढला की उरलेल्या भागाचा अर्थ बहुतेक वेळा तेलुगू जाणणाऱ्याला लगेच लागतो. मामिडी म्हणजे आंबा, चिंता म्हणजे चिंच, कोंडा म्हणजे डोंगर, कोत्ता म्हणजे नवा, गड्डम म्हणजे दाढी. पोलशेटवारातला ‘शेट’ हा व्यापाऱ्यांच्या नावाला लागणारा ‘शेट्टी’ आहे. दारातले झाड, गावाजवळची टेकडी, कुणा पूर्वजाची दाढी, गावात नव्याने आलेले कुटुंब अशा खुणांवरून घर ओळखले जाई. यातली सगळीच नावे अशी उलगडत नाहीत. मुनगंटीवार, वडेट्टीवार या राज्यभर माहीत असलेल्या नावांच्या पूर्वपदाचा ओढूनताणून लावलेला अर्थ ऐकायला मिळतो. तो न धरलेला बरा.

गेल्या भागातल्या ‘कर’शी ‘वार’ ताडून पाहण्याजोगा आहे. कुरुंदकर, निलंगेकर, चाकूरकर ही नावे गाव सांगतात. ‘वार’ सहसा गाव सांगत नाही, घर सांगतो. प्रसाराच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. एका गावातून निघालेली अनेक जातींची अनेक कुटुंबे एकच ‘कर’ लावू शकतात. ‘वार’चे नाव मात्र एका घराण्याबरोबर वाढते. त्यामुळे ‘वार’ची आडनावे उदंड, पण त्यातले प्रत्येक आडनाव लावणारी कुटुंबे मोजकी. मतदार यादीत पाटील आणि देशमुख यांची पानेच्या पाने भरतात. कोत्तावार मात्र एखाद्या गल्लीपुरते दिसतात. प्रत्यय लोकप्रिय आणि नावे विरळ, असे चित्र मराठी आडनावांत इतरत्र क्वचितच दिसते.

उदगीरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे की पवार हेही याच कुळातले का. नाही. पवार हे ‘परमार’ या जुन्या कुळनावाचे रूप आहे आणि त्यातला ‘वार’ ध्वनिबदलातून आलेला आहे. पटवारीचाही इथे संबंध नाही. प्रश्न मात्र नेमक्या जागेवरून आला आहे, कारण नैर्ऋत्येला लातूरकडे सरकावे तसतशी ‘वार’ची नावे पातळ होत जातात. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि त्या बाजूचा शेजार कन्नडचा आहे. तिथे बिराजदारासारखी पदावरून आलेली नावे अधिक भेटतात. कन्नडमध्ये ‘वारु’चा भाऊबंद आहे ‘अवरु’. बेळगावकडचे दोड्डण्णवर हे नाव त्याच्यापासून झाले आहे. दोन्ही प्रत्यय एकाच द्राविडी मुळाचे, आणि दोन्ही मराठीच्या सीमेवरच आडनावांत शिरले.

‘वार’ दिसला की माणूस कोमटी, म्हणजे आर्यवैश्य, असा नांदेडात सर्रास समज आहे. त्याला आधार नाही असे नाही. वासवी कन्यका परमेश्वरीला कुलदेवता मानणारा आर्यवैश्य समाज या पट्ट्यातल्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि धर्माबाद, उमरीसारख्या बाजारपेठांत त्याची घरे ठळकपणे दिसतात. मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाली, तेव्हा या पेठा थेट तेलंगणाशी जोडल्या गेल्या. तरीही हा समज अपुराच आहे. पद्मशाली विणकरांत ‘वार’ आहे, शेतकरी जातींत आहे, ब्राह्मणांतही आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक केशव बळिराम हेडगेवार यांचा जन्म 1889 साली नागपूरला झाला. त्यांचे मूळ घराणे कंदकुर्तीचे. गोदावरी आणि मांजरा यांच्या संगमावरचे हे गाव आज निझामाबाद जिल्ह्यात आहे आणि नांदेडची हद्द त्याला लागूनच आहे. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे. 1962च्या नोव्हेंबरात ते मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरानंतर, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. मुंबईत विक्रोळीचे कन्नमवार नगर त्यांच्याच नावाचे आहे.

आदिवासींच्या यादीतही हा प्रत्यय भेटतो. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींत कोलामांबरोबर ‘मन्नेरवारलू’ ही नोंद आहे. त्यातला ‘वार’ तोच, आणि शेवटचा ‘लू’ हा तेलुगू अनेकवचनाचा. दुसऱ्या जातींच्या नावांशी असलेल्या सारखेपणामुळे जातप्रमाणपत्रांच्या प्रकरणांत नांदेड भागात बराच काथ्याकूट झाला आहे. ‘वार’वरून जात ठरवू गेल्यास काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. घरात एके काळी कोणती भाषा बोलत, एवढेच हा प्रत्यय खात्रीने सांगतो.

त्या भाषेचा आणि मराठीचा मुलूख वेगळा करणारी रेघ तशी नवीच आहे. निजामाच्या राज्यात नांदेड आणि निझामाबाद हे शेजारचे दोन जिल्हे होते. सोयरीक आणि व्यापार यांना मधे हद्द नव्हती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्ये झाली तेव्हा नांदेड जिल्ह्याची चिरफाड महसुली मंडळांपर्यंत गेली. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. बदल्यात आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके, तसेच बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. राजुरा पुढे चांद्याला जोडला गेला. किनवट नांदेडकडे राहिला. मंडळ म्हणजे फार तर काही डझन गावे. एवढ्या बारकाईने कात्री चालवूनही दोन्ही अंगांना दोन्ही भाषांची घरे उरली : भैंशात मराठी बोलणारी, देगलूर-धर्माबादेत तेलुगू बोलणारी.

अलीकडच्या पिढ्यांत नांदेडच्या पुष्कळ ‘वार’ घरांतून तेलुगू मागे सरकली आहे. शाळा, दुकान, राजकारण सगळे मराठीत. तेलुगू उरली आजीपुरती, किंवा हैदराबाद-निझामाबादकडच्या सोयऱ्यांशी बोलण्यापुरती. सीमेलगतच्या गावांत मात्र ती अजून रोजच्या वापरात आहे आणि तेलंगणातून येणाऱ्या सुना ती घरात टिकवून धरतात. सोयरीक जुळवताना दोन्ही बाजूंना परस्परांची नावे पटकन ओळखता येतात, कारण तिकडच्या ‘मामिडी’ला इकडचा ‘मामिडवार’ परका वाटत नाही. लग्नपत्रिकेवर एका बाजूचे आडनाव नावाआधी छापलेले असते, दुसऱ्या बाजूचे नावानंतर.

देशमुख आणि देशपांडे या वतनी आडनावांचा विषय या भागासाठी जाहीर झाला होता. ‘वार’ने सगळी जागा घेतल्याने तो पुढच्या आठवड्यात येईल.