एक भाषा आणि अनेक चौकटी

जेथें माल विनामूल्य वांटला जातो, तेथें गिऱ्हाइकासाठीं चुरस कशाला व्हावी, असें सामान्यतः वाटतें. संगणकविद्येंतील अनुभव मात्र उलट आहे. पायथॉन नांवाच्या भाषेंत संकेतस्थळें उभारण्याचीं जीं साधनें आहेत, तीं बहुतेक सर्व फुकट मिळतात. तरी त्यांच्या कर्त्यांमध्यें आणि अनुयायांमध्यें वीस वर्षांहून अधिक काळ जो वाद चालला आहे, तो पेठेंतील दोन दुकानदारांच्या चढाओढीला मागें टाकणारा आहे. हा वाद आहे तरी कशाचा, आणि त्यांतून निष्पन्न काय झालें?

पायथॉन ही भाषा हॉलंडमधील गिडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. पुढें संकेतस्थळांचा प्रसार झाला, तेव्हां असें दिसून आलें कीं, वर्तमानपत्राचें स्थळ असो वा बँकेचें, कांहीं कामें दोहोंना सारखींच लागतात. आलेली मागणी कोणत्या भागाकडे धाडावयाची हें ठरविणें, डेटाबेसमधून माहिती काढणें, ती पानाच्या सांच्यांत भरणें, येणाऱ्याचें नांव व पासवर्ड पडताळणें, हीं तीं कामें होत. तीं दर वेळीं नव्यानें लिहिण्याऐवजीं एकदांच नीट लिहून ठेवावीं, या विचारांतून जी तयार चौकट निघाली तिला फ्रेमवर्क म्हणतात. परंतु तयार चौकट घेणें म्हणजे दुसऱ्यानें आधींच केलेले निर्णय पत्करणें होय. असे निर्णय चौकटीनें किती करावे आणि बांधणाऱ्याच्या मर्जीवर किती सोडावे, हाच सर्व वादाचा गाभा आहे.

एका पक्षाचा अग्रणी जँगो. त्याचें जन्मस्थान विद्यापीठ किंवा कारखाना नसून अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांतल्या लॉरेन्स गांवचें एक वर्तमानपत्र आहे. तेथें एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन हे दोघे २००३ सालीं काम करीत होते. बातमीची निकड अशी कीं, सकाळीं मागितलेलें पान कित्येकदां त्याच दिवशीं तयार हवें. त्या घाईंतून ही चौकट घडली, व जुलै २००५ मध्यें ती सर्वांना खुली झाली. जँगो राइनहार्ट या प्रख्यात गिटारवादकाचें नांव तिला दिलेलें आहे. इंग्रजींत लिहितांना त्याचें पहिलें अक्षर उच्चारांत येत नाहीं. जँगोची रीति भरल्या घरासारखी: चूल, भांडीं, फडताळ, कुलूप, सर्व जागच्या जागीं. राहणाऱ्यानें केवळ संसार थाटावा.

दुसऱ्या पक्षाला हें भरलें घर जाचक वाटतें. त्यांचें म्हणणें असें कीं, चूल एका कारागिराची चांगली असते व कुलूप दुसऱ्याचें. तेव्हां निवड ज्याची त्यानें करावी. केव्हिन डॅन्गूर यांनीं २००५ सालींच टर्बोगिअर्स नांवाची चौकट पुढें आणली, ती निरनिराळ्या कर्त्यांचे तयार भाग जुळवूनच. आरन स्वार्ट्झ यांची वेब-पाय अगदीं सुटसुटीत होती. पुढें १ एप्रिल २०१० रोजीं ऑस्ट्रियाचे आर्मिन रोनाखर यांनीं एका फाइलींत मावणारी एक चौकट थट्टा म्हणून प्रसिद्ध केली. पण पुष्कळांनीं ती खरी मानून उचलून धरली. लोकांना काय हवें आहे याची त्यावरून कल्पना आली, आणि त्याच महिन्यांत फ्लास्क जन्मास आली. आज जँगोच्या बरोबरीनें तिचें नांव घेतलें जातें.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. भरल्या घरांत नवख्याचा वेळ वांचतो, आणि एक सोडून दुसऱ्या कामावर आलेल्या माणसालाहि सर्व मांडणी ओळखीची वाटते. परंतु घराची ठेवण न मानवणाऱ्याला भिंती आड येतात. सुट्या भागांत मोकळीक आहे. परंतु काम वाढूं लागलें कीं एकेक भाग जोडतां जोडतां शेवटीं भरलें घरच तयार होतें, आणि तेंहि ज्याचें त्याला ठाऊक. वेगाची तुलना हा वादाचा आणखी एक आवडता विषय. पण रिकामें पान किती त्वरेनें पाठवितां येतें यावर चौकटीची परीक्षा करणें फारसें उपयोगाचें नाहीं. प्रत्यक्षांत बहुधा वेळ जातो तो डेटाबेसची वाट पाहण्यांत.

निवड चुकली तर काय होतें, याची झळ मात्र खरी असते. रेडिट हें स्थळ आरंभीं लिस्प भाषेंत होतें. २००५ च्या अखेरीस तें वेब-पायवर नव्यानें लिहिलें गेलें, व कांहीं वर्षांतच पायलन्स नांवाच्या तिसऱ्या चौकटीवर गेलें. मोठ्या संस्थेला असें घर बदलणें परवडतें. लहान संस्थेचें सारें काम मात्र चौकटीच्या दैवाशीं बांधलेलें असतें. कर्त्याचें लक्ष उडालें, दुरुस्त्या थांबल्या, कीं ती निराधार होते. जानेवारी २००६ मध्यें खुद्द गिडो व्हान रॉसम यांनीं, पायथॉनच्या या चौकटी मला कोणी समजावून सांगा, अशी जाहीर विनंती केली होती. भाषेच्या जनकाचीच ही अवस्था, तर नवख्याची काय कथा!

या गोंधळांतून वाट निघाली ती कोणा एकाच्या विजयानें नव्हे. फिलिप एबी यांनीं डिसेंबर २००३ मध्येंच एक मसुदा मांडला होता. त्या वेळीं चौकट निवडली कीं सर्व्हर निवडण्याचें स्वातंत्र्य जाई, व सर्व्हर निवडला कीं चौकटीचें. या मसुद्यानें दोहोंमधला सांधा तेवढा ठरवून दिला. त्याला डब्ल्यू. एस. जी. आय. म्हणतात. घरांत कोणी कसेंहि राहावें, दाराचें माप मात्र सर्वांचें एक, असा हा करार होता. जँगो, फ्लास्क, पायलन्स या सर्वांनीं तो मानला.

सांधा एक झाल्यावर चुरशीला निराळें वळण लागलें. जँगोंत पडद्याआडची जादू फार, असा आक्षेप होता. २००६ सालीं तिच्या कर्त्यांनीं ती जादू काढून टाकली. रोनाखर यांचें जिंजा हें पानें भरण्याचें साधन २०१५ सालीं जँगोनेंहि आपल्या घरांत घेतलें. पायलन्सची मंडळी व दुसरी एक चौकट चालविणारे २०१० मध्यें एकत्र आले, व त्यांतून पिरॅमिड निघाली. पुढें जँगोच्याच परिवारांतील अँड्र्यू गॉडविन यांनीं ए. एस. जी. आय. हा नवा सांधा घडविला, आणि सेबास्तियान रामीरेझ यांनीं डिसेंबर २०१८ मध्यें पुढें आणलेली फास्ट-ए-पी-आय ही तरुण प्रतिस्पर्धी त्याच सांध्यावर उभी आहे. एका घरानें बसविलेल्या उंबरठ्यावरून शेजाऱ्याची वरात गेली!

तेव्हां श्रेष्ठ चौकट कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. करावयाचें काम, हाताशीं असलेलीं माणसें आणि तें काम किती वर्षें टिकवावयाचें, या तीन गोष्टींवरून सुज्ञानें निवड करावी. मतभेद मिटविण्यासाठीं सर्वांनीं एकाच घरांत राहण्याचें कारण नाहीं. दाराचें माप एक असलें, म्हणजे शेजार सुखाचा होतो.