विजेच्या मोटारीचें अंतरंग

मोटारगाडी घेण्याची गोष्ट घरांत निघाली म्हणजे आजवर कांहीं ठराविक प्रश्न विचारले जात. किंमत काय, एका लिटरांत किती किलोमीटर जाते, घाटांत दम धरते कीं नाहीं, आणि पुढें विकावयाची वेळ आली तर कितीला जाईल. विजेच्या गाड्या आल्यापासून यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. तो म्हणजे, आंत काय काय आहे? विशेषतः ज्या उंच व ऐसपैस बांध्याच्या गाड्यांना 'एस्‌यूव्ही' म्हणतात, त्यांच्या बाबतींत तर बाहेरच्या रूपापेक्षां आंतल्या रचनेवरच अधिक वाद ऐकूं येतो. त्या वादांत दोन्ही पक्षांचें म्हणणें काय आहे, आणि गाडी घेणाऱ्या कुटुंबानें त्यांतून काय उचलावें, हें आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं फार लांब जावयास नको. महिंद्रा कंपनीनें 26 नोव्हेंबर 2024 रोजीं चेन्नई येथें विजेवर चालणाऱ्या दोन नव्या गाड्या लोकांपुढें आणल्या. एकीचें नांव 'एक्सईव्ही 9ई' व दुसरीचें 'बीई 6'. दोन्ही तयार होतात त्या आपल्या पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यांत. पहिलींत चालकापासून शेजारच्या आसनापर्यंत एकाच चौकटींत बसविलेले तीन पडदे आहेत व प्रत्येकाची लांबी कोनापासून कोनापर्यंत 12.3 इंच आहे. दुसरींत तसेच दोन पडदे असून चालकाचें आसन लढाऊ विमानांतील वैमानिकाच्या जागेसारखें वेढलेलें आहे. गिअरचा दांडाही विमानांतल्या दांड्याची आठवण करून देणारा आहे, आणि दार आंतून उघडण्यासाठीं कापडी पट्टी आहे. डोक्यावर कांचेचें छप्पर आहे. वारा कमीजास्त करण्याचीं पूर्वींचीं फिरतीं बटनें मात्र दोहोंतही दिसत नाहींत.

हें पाहून तरुण मंडळी हरखून गेली, आणि वडीलधारी मंडळी जराशी बिचकली. यांत कोणा एकाला वेडें ठरविण्याचें कारण नाहीं. प्रथम ही रचना अशी कां झाली, तें पाहूं.

पेट्रोलच्या गाडींत इंजिन, गिअरची पेटी, धूर नेणारी नळी आणि पुष्कळ गाड्यांत मागील चाकांस गति देणारा दांडा, एवढा पसारा असतो. त्यामुळें मागच्या आसनापुढें मधोमध एक उंचवटा येतो व तिसऱ्या माणसास पाय ठेवावयास जागा राहत नाहीं. विजेच्या गाडीची मोटार लहान असते व ती चाकांच्या जवळच बसते. जड बॅटरी जमिनीलगत पसरलेली असते. म्हणून गाडीचा तळ सपाट मिळतो. शिवाय दोन्ही आंसांतील अंतर लांब ठेवतां येतें. वर सांगितलेल्या दोन्ही गाड्यांत तें 2,775 मिलिमीटर आहे. थोडक्यांत, रचनाकारास प्रथमच एक मोकळी खोली हातीं आली आहे.

परंतु फायद्याच्या पोटीं एक तोटाही जन्मास येतो. बॅटरी पायाखालीं असल्यानें गाडीचा तळ उंच होतो. छप्पर मात्र त्या प्रमाणांत उंच करतां येत नाहीं, कारण गाडी जितकी उंच तितका वाऱ्याचा अडथळा अधिक, आणि अडथळा अधिक म्हणजे एका भरणींत कापावयाचें अंतर कमी. परिणामीं मागें बसणाऱ्याचे गुडघे वर येतात व मांडीखालीं आधार उरत नाहीं. 'एक्सईव्ही 9ई'च्या मागच्या आसनासंबंधीं परीक्षकांनीं हीच तक्रार केली आहे. 'बीई 6'विषयीं त्यांचें म्हणणें निराळें आहे. तिच्या मागच्या खिडक्या लहान आणि आंतला रंग गडद, त्यामुळें मागें बसलेल्यास कोंडल्यासारखें वाटतें. आमच्याकडे गाडी घेतो मुलगा, पण मागें बसतात त्याचे आईवडील, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे या तक्रारीचें वजन कळतें.

आतां मुख्य वादाकडे, म्हणजे पडद्याकडे वळूं. पडद्याच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. नकाशा मोठा व स्वच्छ दिसतो. गाडी मागें घेतांना मागचें दृश्य समोर येतें. कंपनीस नवी सोय द्यावयाची झाल्यास गाडी कारखान्यांत न बोलावतां ती दूर बसूनच पोहोंचवितां येते. आणखी एक कारण जाहिरातींत नसतें, तें असें कीं, पन्नास बटनें, त्यांचे सांचे आणि त्यांच्या तारा यांपेक्षां एक पडदा कारखानदारास पुष्कळदां स्वस्त पडतो. जें स्वस्त तेंच ऐटदार दिसूं लागल्यावर त्याचा प्रसार वेगानें व्हावा यांत नवल नाहीं.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें एका वाक्यांत सांगतां येईल: बटन हाताला सांपडतें, पडदा डोळ्यांनींच शोधावा लागतो. मुंबईच्या रस्त्यांवर 2023 च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत ज्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या धांवल्या, त्यांची आंतली मांडणी दरिद्रीच म्हणावी लागेल. तरी त्यांचा चालक दिव्याची कळ वा वायपरची कळ रस्त्यावरची नजर न हलवितां दाबीत असे. जुन्या सवयीची ही नुसती आठवण नव्हे. येथें हिशेबाचाही प्रश्न आहे.

तो हिशेब आपण पाटीवर मांडूं. ताशीं 60 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारें 16.7 मीटर. पडद्यावर पंख्याचें चिन्ह शोधण्यांत दोन सेकंद गेले, तर तेवढ्यांत गाडी 33 मीटर पुढें गेली. म्हणजे क्रिकेटच्या दीड खेळपट्टीहून अधिक. वेग ताशीं 100 किलोमीटर असेल तर हेंच अंतर 55 मीटरांवर जातें. एवढा रस्ता चालकानें न पाहतां कापला. फळ्याकडे वळलेल्या शिक्षकाच्या पाठीमागें वर्गांत काय चालतें, हें विद्यार्थी असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. रस्ता तर वर्गाहून अधिक खोडकर असतो.

स्वीडनमधील 'वी बिलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकानें 2022 सालीं याची प्रत्यक्ष परीक्षा केली. अकरा नव्या गाड्या आणि 2005 सालची एक जुनी व्होल्व्हो घेऊन, ताशीं 110 किलोमीटर वेगानें जातांना चार साधीं कामें करावयास किती वेळ लागतो तें मोजलें. उष्णता वाढविणें, रेडिओचें ठराविक केंद्र लावणें, अशा प्रकारचीं तीं कामें होतीं. चालकांस गाडीची ओळख करून घेण्यास आधीं अवसर दिला होता. जुन्या व्होल्व्होंत तीं सर्व 10 सेकंदांत उरकलीं व गाडी 306 मीटर गेली. सर्वांत मागें पडलेल्या 'एमजी मार्व्हल आर' या विजेच्या गाडींत 44.9 सेकंद लागले. तोंपर्यंत 1,372 मीटर रस्ता मागें पडला होता. मात्र त्याच परीक्षेंत व्होल्व्होची 'सी40' ही विजेचीच गाडी, पडदा असूनही, 13.7 सेकंदांत सुटली. यावरून दोष पडद्याचा नसून मांडणीचा आहे, हें उघड होतें. जें काम वरचेवर करावयाचें तें एका स्पर्शांत व्हावें. त्यासाठीं यादींतून यादी उघडावी लागूं नये.

हा विचार आतां मोटारींच्या जगांत मान्य होऊं लागला आहे. नव्या गाड्यांच्या सुरक्षिततेस तारे देणारी 'युरो एन्‌कॅप' ही युरोपांतील संस्था 2026 पासूनच्या आपल्या नियमांत बटनांकडेही पाहते. वळण दाखविणारे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर व संकटकाळीं मदतीची हांक, या पांच गोष्टींस हातानें चांचपतां येईल अशी स्वतंत्र कळ नसेल तर गुण कमी होतात. आपल्याकडे 'भारत एन्‌कॅप'च्या परीक्षेंत महिंद्राच्या या दोन्ही गाड्यांस पांच तारे मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ती परीक्षा मुख्यतः टक्कर झाल्यावर आंतील माणसांचा बचाव कसा होतो याची असते. टक्कर होऊंच नये म्हणून चालकाची नजर रस्त्यावर किती राहते, याचे गुण त्यांत धरलेले नाहींत. तें मोजमाप घेणाऱ्यानें स्वतःच केलें पाहिजे.

न्यायासाठीं हेंही सांगावयास हवें कीं, नवें तंत्र नजरेस साह्यही करूं शकतें. 'एक्सईव्ही 9ई'च्या वरच्या दर्जाच्या प्रकारांत वेग आणि मार्ग समोरच्या कांचेवरच उमटतात, त्यामुळें मान खालीं घालावी लागत नाहीं. पडद्याचा हा उपयोग मला शहाणपणाचा वाटतो.

तेव्हां गाडी पाहावयास जाणाऱ्या कुटुंबास माझी सूचना अशी आहे. दुकानांतील गार हवेंत व मंद प्रकाशांत सगळेंच सुंदर दिसतें; म्हणून गाडी भर दुपारीं उन्हांत काढावयास लावावी. कांचेच्या छपराखालीं किती तापतें आणि काळ्या चकचकीत पृष्ठभागावरून ऊन डोळ्यांवर येतें कीं काय, तें पाहावें. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास मागें बसवून अर्धा तास फिरवावें व उतरतांना त्याच्या गुडघ्यांचें मत विचारावें. विजेच्या गाडीस इंजिनाचा आवाज नसल्यानें एरवीं झांकली जाणारी कुरकुरही ऐकूं येते, म्हणून खराब रस्त्यावर रेडिओ बंद ठेवावा. नंतर गाडी उभी असतां चालकाच्या जागीं बसून डोळे मिटावे आणि भोंगा, वायपर, धोक्याचे दिवे व समोरच्या कांचेवरचें धुकें घालविण्याची सोय हातानें सांपडते कीं नाहीं तें पाहावें. पावसाळ्यांत घाटांत या चारी गोष्टींची गरज एकाच वेळीं पडते. शेवटीं विक्रेत्यास एवढेंच विचारावें, वीज बंद पडली तर दार आंतून कसें उघडावयाचें? त्याचें उत्तर नुसतें ऐकूं नये. घरांतील लहान मुलासकट प्रत्येकानें तें दार एकदां स्वतः उघडून पाहावें.

एवढें झाल्यावर जी गाडी मनास येईल ती खुशाल घ्यावी, आणि पडद्यांचें कौतुक मग सावकाश, गाडी उभी करून करावें.