जयंतीचा डीजे आणि आमचे कान

आमच्या वस्तीतील एक निवृत्त गिरणी कामगार विहारात वंदनेला नेहमी पहिल्या रांगेत बसतात. लोकांना वाटते, म्हाताऱ्याला मानाची जागा हवी. खरी गोष्ट अशी की मागे बसले तर भन्तेजी काय सांगतात ते त्यांना कळत नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. घरी सून ओरडून बोलते, नातवंडे हसतात, म्हणून आजोबांनी बोलणेच कमी केले आहे. गिरणीने काय दिले असे कुणी विचारले, तर ते कानाकडे बोट दाखवतात.

या कानामागे आपला इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साळखात्यात काम मिळत नसे. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला विटाळ वाटे. पगार मात्र त्याच खात्यात चांगला! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. पुढे ते दार उघडले, आमची माणसे साच्यावर उभी राहिली, आणि ज्या खात्यात शिरण्यासाठी भांडावे लागले त्याच खात्याच्या खडखडाटाने त्यांचे कान नेले. त्याची नुकसानभरपाई कितीजणांनी मागितली? आवाजाने येणारे बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहे, हे तरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आवाजाची इजा दोन गोष्टींवर ठरते : आवाज केवढा आणि तो किती वेळ. कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरली जाते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामाचे तास कमी झाले म्हणजे कानालाही तेवढी विश्रांती मिळाली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जिथे बारा तासांची पाळी चालते, तिथे ही विश्रांतीही हिरावून घेतलेली असते.

आता आमच्याच घरातले बोलू. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रकवर स्पीकरची भिंत रचलेली असते. तिच्यासमोर तरुण पोरे नाचतात आणि बापाच्या खांद्यावर दोन-तीन वर्षांचे लेकरू बसलेले असते, भिंतीपासून हातभर अंतरावर. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब साधा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. त्या हिशोबाने ९० डेसिबलला चार तास, १०० ला वीस-पंचवीस मिनिटे आणि ११० ला जेमतेम अडीच मिनिटे. आपली मिरवणूक किती तास चालते, ते आपणच आठवावे.

आतल्या कानात शंखासारख्या पोकळीत बारीक केसांच्या पेशी असतात, जन्मतःच सुमारे पंधरा हजार. एकदा मेली की नवी पेशी उगवत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही व्यंजने पुसट होतात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येते हो, पण समजत नाही." मिरवणुकीच्या रात्री कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती इजेची खूण समजावी.

यावर आम्हाला उत्तर ठरलेले मिळते. गणपतीत, दहीहंडीत डीजे चालतो, तेव्हा तुमची लेखणी कुठे जाते? प्रश्न खोटा नाही. पोलिसांचा दट्ट्या आधी आपल्या मंडळावर पडतो, हा अनुभव जुना आहे, आणि त्या भेदभावाविरुद्ध लढलेच पाहिजे. पण लेकराच्या कानाला निळा झेंडा आणि दुसरा झेंडा यातला फरक कळत नाही. कायद्यात वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस लाऊडस्पीकर रात्री बारापर्यंत लावण्याची सवलत देता येते. ती वेळेची सवलत आहे, आवाज कितीही वाढवण्याची नव्हे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने नको असलेला आवाज कुणावर लादणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग ठरवला. कलम कुणी लिहिले हे आम्ही सांगायला हवे काय? आणि आपल्या जलशांनी ढोलकी, तुणतुणे आणि उघड्या गळ्यावर गावेच्या गावे जागी केली, तेव्हा कुठली भिंत होती?

कान फक्त आवाजानेच जातात असेही नाही. वस्तीतल्या मुलांचा कान वाहतो आणि आई गरम तेल, लसूण घालते. ते थांबवावे. वाहता कान वेळेवर दाखवला तर बरा होतो. पडद्याला भोक पडले असेल तर शस्त्रक्रियेने ते बुजवता येते. क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिनची इंजेक्शने घेतलेल्यांनी एकदा कान तपासून घ्यावेत. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर दोन-तीन दिवसांच्या आत कानाच्या डॉक्टरकडे गेलेच पाहिजे, उशिरा उपचार लागू पडत नाहीत. दोन्ही कानांची ६० डेसिबल किंवा अधिक हानी असेल तर २०१६ च्या कायद्याने दिव्यांग प्रमाणपत्र मिळते. सरकारी नोकरीत कर्णबधिरांना एक टक्का आरक्षण आहे, गरजूंना सरकारी योजनेतून श्रवणयंत्र मिळते. आरक्षणाविषयी एवढे जागरूक असलेल्या आपल्या समाजात हा एक टक्का मात्र बहुतेकांना माहीत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

आजोबांनाही यंत्र मिळाले होते. ते कपाटात पडून आहे. पहिल्याच दिवशी नाक्यावर कुणीतरी "बहिरे आले" म्हणाले. चष्मा लावणाऱ्याला असे कुणी म्हणत नाही.

जयंतीच्या बैठकीचे निमंत्रण आले आहे. पहिला विषय नेहमीप्रमाणे डीजेची सुपारी. त्याआधी आजोबांना बोलू द्यावे आणि त्यांनी यंत्र लावून यावे, असे आम्ही कार्यकर्त्यांना कळवले आहे. आजोबा अजून हो म्हणालेले नाहीत.